साठ तासांची सेवा

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. संध्याकाळची मिस्सा आटोपून आम्ही घरी परतलो, तो ओटीवर आमच्याच धर्मग्रामातील एक मुलगा वाट पाहत बसला होता. मुलगा सुशील, रविवार न चुकवणारा, बारावीला बरे गुण मिळवून मुंबईच्या एका महाविद्यालयात वाणिज्य शाखेत शिकणारा. त्याने दप्तरातून एक छापील कागद काढून आमच्यापुढे धरला. वर मोठ्या अक्षरांत 'समाज-सहभाग प्रकल्प'. खाली विद्यार्थ्याचे नाव, संस्थेचे नाव, कामाचे स्वरूप आणि 'एकूण तास : साठ'. बाकीच्या जागा रिकाम्या होत्या. साठ हा आकडा मात्र आधीच शाईने भरलेला होता.

"सर, फक्त सही आणि मंडळाचा शिक्का हवा होता," तो म्हणाला.

आमच्या मंडळाच्या कोणत्या कामात तू साठ तास होतास, असे आम्ही विचारले. तो गोंधळला असता, ओशाळला असता, तर आम्हांला बरे वाटले असते. तो शांतपणे म्हणाला, "सर, सगळेच असे करतात. कॉलेजलाही ठाऊक आहे."

आम्ही सही केली नाही. हा लेख मात्र त्या मुलाविरुद्ध नाही. वीस वर्षांच्या मुलावर खोटेपणाचा ठपका ठेवून मोकळे होणे सोपे आहे, आणि आपल्या समाजात ते काम करणारे पुष्कळ आहेत. आमचे भांडण आहे ते काम ठरण्याआधी तास ठरवणाऱ्या व्यवस्थेशी. विद्यापीठाने समाजाकडे यावे, समाजाने विद्यापीठाकडे जावे, ज्ञान आणि सेवा यांची सांगड पडावी, ही कल्पना थोर आहे. तिच्याविषयी आम्हांला आदर आहे, म्हणूनच तिचे जे चालले आहे ते पाहवत नाही.

थोडे मागे जाऊ. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी देशातील ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. त्या वर्षी तीत ४०,००० विद्यार्थी होते. वर्षाला १२० तास, दोन वर्षांचे २४०, आणि एखाद्या गावात सात दिवसांचे निवासी शिबिर, असे तिचे स्वरूप पुढे रूढ झाले. आमच्या पिढीतील अनेकांनी ही शिबिरे केली आहेत. पहाटे प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री शाळेच्या व्हरांड्यात सतरंजीवर झोप. त्या सात दिवसांत ज्यांना पहिल्यांदा आपल्याच जिल्ह्यातला पाडा दिसला, चूल दिसली, डोक्यावरून पाणी वाहणारी आपल्या वयाची मुलगी दिसली, त्यांतले काही जन्मभरासाठी बदलले. हे नाकारण्याचा कृतघ्नपणा आम्ही करणार नाही. सवलतीच्या गुणांसाठी येणारे तेव्हाही होते. पण यायचे की नाही हे निदान त्यांच्या हाती होते.

त्या काळापासून एक शब्द मात्र आम्हांला खुपत आला आहे, तो म्हणजे 'दत्तक गाव'. २०१४ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या उन्नत भारत अभियानातही महाविद्यालये गावे दत्तकच घेतात. दत्तक घेतात ते मूल, आणि तेही स्वतःच्या घरी आणून, स्वतःचे नाव देऊन, आयुष्यभर वाढवण्यासाठी. येथे जे घेतले जाते ते विद्यापीठाहून वयाने कितीतरी मोठे असते. ज्या वसईत सोळाव्या शतकापासून ख्रिस्तसभा नांदते आहे, जिथल्या शेतकऱ्याने रहाटाच्या पाण्यावर केळी आणि पानवेली पिकवून मुंबईचा बाजार भरला, तिथल्या गावाला पोरके ठरवण्याचा अधिकार कोणाला कोणी दिला? आणि हे दत्तकविधान दोन वर्षांत, कधी एका सत्रातच संपते. मग पुढच्या यादीत दुसरे गाव.

नंतर २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले. विद्यापीठ अनुदान आयोगाने समाज-सहभागाविषयी मार्गदर्शिका काढून दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम सुचवला. महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांतही क्षेत्रप्रकल्प आणि समाज-सहभाग प्रकल्प दाखल झाले. हे सगळे कागद आम्ही वाचले आहेत, आणि त्यांतली भाषा वाईट नाही. गावाकडून शिकावे, गावाच्या ज्ञानाचा मान राखावा, दोन्ही बाजूंचा लाभ व्हावा, असेच त्यांत म्हटले आहे. 'भागीदारी' हा शब्द तर पानोपानी आहे. पण महाविद्यालयाच्या दारातून तो कागद आमच्या ओटीपर्यंत येईतो त्या भाषेतले उरते काय? दोन श्रेयांक, एका श्रेयांकाचे तीस तास, म्हणजे साठ. आणि खाली सही-शिक्क्याची जागा.

भागीदारी म्हणजे काय, हे आम्हां वसईकरांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. पहाटेच्या गाडीने दादरच्या बाजारात फुलांच्या आणि भाजीच्या पाट्या नेणाऱ्या आमच्या आयाबायांनाही ते ठाऊक होते. भागीदार म्हणजे ज्याला विचारल्यावाचून सौदा ठरत नाही तो. ज्याला वही उघडून पाहण्याचा हक्क आहे तो. आणि न पटल्यास जो भागी मोडू शकतो तो. या तीन कसोट्यांपैकी एकही कसोटी लावून पाहिली, तर विद्यापीठांच्या बहुतेक भागीदाऱ्या या भागीदाऱ्या नव्हेत. आम्ही तेथे असतो ते कच्चा माल म्हणून.

हे शब्द कठोर वाटतील, म्हणून अनुभवाचा दाखला देतो. २०१७ च्या डिसेंबरात एका महाविद्यालयाचे विद्यार्थी आमच्या गावात विहिरी आणि बावखले यांची पाहणी करायला आले. वसईबाहेरील वाचकांसाठी सांगायचे, तर बावखल म्हणजे वाडीतले गोड्या पाण्याचे लहान तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, जमिनीत मुरते आणि आजूबाजूच्या विहिरींना उन्हाळ्यात धीर देते. मुले तीन दिवस फिरली. त्यांच्याबरोबर आमच्यातले दोघेतिघे होतो. कोणते बावखल कोणी केव्हा बुजवले, त्यावर आज काय उभे आहे, पूर्वी त्याचे पाणी कोणत्या बाजूने ओहोळाला मिळे, हे सगळे म्हाताऱ्या माणसांनी त्यांना चालत दाखवले. घरोघरी चहा झाला. निघताना फलक धरून छायाचित्र काढले, आणि अहवालाची प्रत पाठवतो असे सांगून मंडळी गेली.

त्यातला एक प्रसंग मनातून जात नाही. एका वाडीत एक मावशी विहिरीच्या काठावर बसून सांगत होत्या, की पाणी होळीपर्यंत गोड असते, मग त्याला खारट चव येऊ लागते, आणि पूर्वी ही चव मे महिन्याच्या अखेरीस येई. छापील तक्त्यात दोनच रकाने होते : पिण्यास योग्य, पिण्यास अयोग्य. मावशींच्या उत्तराला त्यात जागा नव्हती. तक्ता भरणाऱ्या मुलाने थोडा विचार करून 'योग्य' यावर खूण केली. त्याच्यासोबतच्या एका मुलीने मात्र स्वतःची वही काढून मावशींचे बोलणे जसेच्या तसे उतरवून घेतले. विद्यापीठाला जे शिकायचे होते, ते त्या वहीत होते. गुण मिळाले असतील ते तक्त्याला.

अहवाल आला नाही. आम्ही दोनदा पत्र लिहिले, एकदा समक्ष गेलो. ज्या प्राध्यापकांनी मुलांना आणले होते ते तासिका तत्त्वावर होते. त्यांची नेमणूक संपली होती. विभागात सांगण्यात आले, की प्रकल्प वर्षअखेर जमा झाले असून ते बाहेर देता येत नाहीत. पुढे जुलै २०१८ मध्ये वसईत जो पाऊस झाला, तो कोणी विसरलेले नाही. रस्ते बुडाले, गाड्या थांबल्या, घराघरांत पाणी शिरून ते दिवसेंदिवस हटेना. तेव्हा बुजलेल्या बावखलांचा आणि अडलेल्या ओहोळांचा तो नकाशा हाती असता, तर पालिकेच्या दारात आम्ही नुसता आक्रोश करीत उभे राहिलो नसतो. त्यामुळे पूर टळला असता, असा भाबडा दावा आम्ही करीत नाही. पण आमच्याच म्हाताऱ्यांच्या तोंडून निघालेले आमच्याच जमिनीचे ज्ञान, आम्हांला सर्वांत गरज होती त्या दिवशी एका कपाटात कुलूपबंद होते. नंतर ऐकले, की तो प्रकल्प कुठल्याशा स्पर्धेतही मांडला गेला होता. असो.

मुलांचा यात दोष काय? काहीच नाही. त्यांना जे सांगितले ते त्यांनी मनापासून केले. दोष आहे तो प्रश्न कोणी विचारायचा, याच्या वाटणीत. प्रश्न महाविद्यालयाचा, तक्ता महाविद्यालयाचा, वेळ महाविद्यालयाच्या परीक्षेच्या सोयीची, अहवाल महाविद्यालयाचा आणि गुणही महाविद्यालयाचे. आमचा फक्त चहा.

'सेवेतून शिक्षण' ही संज्ञा अमेरिकेत १९६७ च्या सुमारास रॉबर्ट सिग्मन आणि विल्यम रॅम्से यांनी रूढ केली. याच सिग्मन यांनी १९७९ मध्ये तिची तीन तत्त्वे मांडली. पहिलेच तत्त्व असे, की दिल्या जाणाऱ्या सेवेवर नियंत्रण ज्यांची सेवा होते आहे त्यांचे असावे. दुसरे असे, की त्या सेवेतून त्यांचे स्वतःचे सामर्थ्य वाढावे. विद्यार्थ्याने काय शिकावे, हा विचार तिसऱ्या क्रमांकावर येतो. आमच्याकडे संज्ञा आली, तास आले, श्रेयांक आले. पहिले तत्त्व वाटेत कुठे गळले, याचा शोध कोणी घ्यायचा?

त्याच्याही आधी, २० एप्रिल १९६८ रोजी, मेक्सिकोतील क्वेर्नावाका येथे मॉन्सिन्योर इव्हान इलिच यांनी अमेरिकन विद्यार्थ्यांपुढे एक भाषण केले. समोर बसलेली मुले बहुतांशी कॅथलिक, सुट्टीत मेक्सिकोच्या खेड्यांत सेवेसाठी निघालेली, उत्साही आणि सदिच्छेने भरलेली. इलिच यांनी त्यांना सांगितले, की पाहायला या, डोंगर चढायला या, शिकायला या. पण मदत करायला येऊ नका. आणि मदत करायचीच असेल, तर आपल्या देशात अशा लोकांत करा, जे तुम्हांला तुमच्याच भाषेत 'चालते व्हा' असे सांगू शकतील. सभेला हे किती झोंबले असेल, याची कल्पना करता येते. आम्हांला स्वतःला इलिच यांचा निष्कर्ष टोकाचा वाटतो. येऊच नका, असे म्हणणाऱ्या गावाचे अखेरीस भले होत नाही. पण नकाराविषयीचा त्यांचा मुद्दा मात्र आम्ही मनोमन मानतो. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या होकाराला किंमत नसते. महाविद्यालयाचे पत्र आले, खाली प्राचार्यांची सही असली, की आमच्याकडे नाही म्हणण्याची पद्धतच नाही. धर्मगुरू सभागृह उघडून देतात, धर्मभगिनी मुलींच्या राहण्याची सोय करतात, आणि गाव हात जोडून उभे राहते.

मग काय हवे आहे, असे कोणी विचारील. त्यासाठी वाचकांना कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, नोव्हा स्कोशिया प्रांतात न्यावे लागेल. तेथील अँटिगोनिश गावात सेंट फ्रान्सिस झेवियर हे कॅथलिक विद्यापीठ आहे. त्याच्या भोवतालचे लोक म्हणजे मच्छीमार, लहान शेतकरी आणि खाणकामगार. मासळी व्यापारी ठरवील त्या भावाने जाई. कर्ज व्यापाऱ्याचे, जाळे त्याचे, दुकानही त्याचेच. फादर जिमी टॉम्पकिन्स हे या विद्यापीठातले वजनदार प्राध्यापक. विद्यापीठाने लोकांपर्यंत गेले पाहिजे, असा त्यांचा ध्यास होता आणि १९२१ पासून त्यांनी शेतकऱ्यांसाठी लोकशाळा भरवल्या. पुढे विद्यापीठांच्या विलीनीकरणावरून बिशपांशी मतभेद झाला आणि १९२२ च्या अखेरीस त्यांची रवानगी कॅन्सो या दरिद्री मच्छीमार बंदराच्या धर्मग्रामात झाली. शिक्षा म्हणून पाठवलेल्या या माणसाने तेथे शिबिर घेतले नाही. तो लोकांना प्रश्न विचारीत, वाचायला कागद देत आणि त्यांचे ऐकत फिरला. १ जुलै १९२७ रोजी कॅनडाच्या संघराज्याला साठ वर्षे झाल्याचा उत्सव देशभर चालू असताना कॅन्सोचे मच्छीमार एकत्र जमले आणि आम्ही कशाचा उत्सव करावा, असे त्यांनी विचारले. प्रश्न आधी लोकांचा आला, हे येथे ध्यानात घ्यावे.

१९२८ मध्ये विद्यापीठाने विस्तार विभाग उघडला आणि टॉम्पकिन्स यांचे आप्त फादर मोझेस कोडी त्याचे पहिले संचालक झाले. त्यांची रीत साधी होती. गावात सभा घ्यायची, मग दहापाच जणांची अभ्यासमंडळे बसवायची. ही मंडळे स्वयंपाकघरात, दिव्याच्या उजेडात बसत. विद्यापीठ त्यांना पुस्तिका देई, माहिती देई, हिशेब शिकवी. शेवंड्याला आपल्याला काय मिळते आणि बाजारात तो कितीला विकला जातो, हे मच्छीमारांनी स्वतः मांडून पाहिले. त्यातून शेवंडे डबाबंद करण्याचे सहकारी कारखाने निघाले, सहकारी दुकाने निघाली, आणि १९३२ मध्ये प्रांतात पतसंस्थांचा कायदा होऊन त्यांच्या पतसंस्था उभ्या राहिल्या. वसईकर वाचकांना येथे थोडा अभिमान वाटला तर वाटू द्यावा, कारण बॅसीन कॅथलिक बँकेचे मूळ असलेली आमची पतसंस्था मॉन्सिन्योर मोनीस यांच्या पुढाकाराने १९१८ मध्येच निघाली होती. फरक इतकाच, की आमच्या पाठीशी विद्यापीठ नव्हते.

अँटिगोनिशच्या विद्यापीठाने लोकांना दिले ते काय? आपले ज्ञान. मुख्य दुखणे आहे ते येथे. आमच्याकडे येणारे विद्यार्थी आम्हांला देतात ते त्यांचे हात. रसायनशास्त्राचा विद्यार्थी समुद्रकिनाऱ्यावर प्लॅस्टिक वेचतो, वाणिज्य शाखेचा विद्यार्थी भिंतीवर घोषवाक्य रंगवतो, कायद्याचा विद्यार्थी झाड लावतो. झाडू मारणे हलके काम आहे, असे म्हणण्याचे पाप आम्ही करणार नाही. पण हात तर आमच्याकडेही आहेत. आमच्याकडे नाही ती प्रयोगशाळा. मावशींच्या विहिरीचे पाणी तीन वर्षे दर महिन्याला तपासून क्षार कोणत्या महिन्यात किती चढतात, याचा आलेख रसायनशास्त्राच्या मुलांनी काढावा. त्यांचे प्रात्यक्षिकही होईल आणि गावाच्या हाती पुरावाही येईल. कायद्याच्या मुलांनी सातबारा आणि फेरफार वाचायला आमच्या तरुणांना शिकवावे, म्हणजे वडिलोपार्जित वाडीचा कागद दलालाच्या हाती देण्यापूर्वी घरातले कोणी तो वाचू शकेल. वाणिज्यवाल्यांनी बचतगटाच्या बायकांच्या वह्या नीट लावून द्याव्यात. ओटीवर आलेला तो मुलगा वाणिज्यचाच होता. आमच्या मंडळाचा तीन वर्षांचा हिशेब खोळंबून पडला आहे, आणि हे त्याला त्याच्या महाविद्यालयात कोणी विचारलेही नव्हते.

यावर आमच्या एका प्राध्यापक स्नेह्याने आम्हांला चांगलेच फैलावर घेतले. तुम्ही गावात बसून बोलता, ते म्हणाले. एकेका शिक्षकाकडे शंभरावर मुले, हाताखाली कोणी नाही, प्रवासाला पैसा नाही, आणि सत्र पंधरा आठवड्यांचे. कोणत्या विहिरीवर तीन वर्षे जायचे? त्यांची अडचण खरी आहे. तासिकेवर राबणाऱ्या शिक्षकाकडून भागीदारीची अपेक्षा करणे हा अन्यायच आहे, आणि ज्या शासनाने धोरण लिहिले त्यानेच शिक्षकांच्या जागा रिकाम्या ठेवाव्यात, यात कोणती नीती? पण यातून निघणारा निष्कर्ष आम्हांला वेगळा दिसतो. शंभर मुलांचे खोटे साठ तास कोणाच्याही कामाचे नाहीत. चार मुले खरोखर येणार असतील तर चारच येऊ देत, आणि पुढल्या वर्षीच्या चौघांनी आदल्या वर्षीची वही पुढे चालवावी. समाजकार्याच्या महाविद्यालयांना हे जमते. मुंबईचे निर्मला निकेतन १९५५ पासून उभे आहे. अशा महाविद्यालयांचे विद्यार्थी आठवड्यातून दोन दिवस, सबंध वर्षभर एकाच संस्थेत किंवा वस्तीत क्षेत्रकार्याला जातात आणि त्यांच्यावर देखरेख करणारे शिक्षक नेमलेले असतात. म्हणजे रीत ठाऊक आहे. तिला वेळ, पगार आणि माणसे लागतात, एवढेच.

कॅथलिक महाविद्यालयांविषयी बोलताना जीभ थोडी अडखळते, कारण ती आपली आहेत. मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयासारख्यांनी सरकारी धोरणाची वाट न पाहता समाज-सहभागाचे तास कधीचे लागू केले होते. पण आपल्याकडून अपेक्षाही अधिक आहे. १९७३ मध्ये, ३१ जुलैला, व्हॅलेन्सिया येथे येशूसंघाचे प्रमुख फादर पेद्रो अरुपे यांनी संघाच्या शाळांतून शिकून मोठ्या झालेल्या माजी विद्यार्थ्यांपुढे बोलताना विचारले होते, की आम्ही तुम्हांला न्यायाचे शिक्षण दिले का? उत्तर त्यांनी स्वतःच प्रांजळपणे दिले, की नाही, दिले नाही. ऐकणाऱ्यांपैकी कित्येकांना ते रुचले नव्हते. इतरांसाठी जगणारी माणसे घडवावीत, हे त्यांचे वचन आज आपल्या पुष्कळ संस्थांच्या माहितीपत्रकांत छापलेले आढळते. त्यामागचा तो प्रश्न मात्र छापलेला आढळत नाही.

आणि आम्ही स्वतः? दर नाताळात आमच्या धर्मग्रामाची तरुण मंडळी तालुक्याच्या पूर्वेकडील आदिवासी पाड्यावर जुने कपडे आणि केक घेऊन जातात. आम्हीही गेलो आहोत. त्या पाड्याने कपडे मागितले होते का, हे आम्ही कधी विचारले? पाड्यावरच्या माणसांनी आमच्याकडे काय मागितले असते, याचा अंदाज आम्हांला आहे, आणि बहुधा म्हणूनच आम्ही विचारत नाही. रोजाची बोलणी आमच्याच वाड्यांत होतात. महाविद्यालयाने आमच्याशी जे केले, तेच आम्ही आमच्याहून दुबळ्यांशी बिनदिक्कत करीत आलो आहोत. छायाचित्रही काढतो.

शिवाय पालक म्हणून आमची मागणी काय असते, तेही पाहावे. मुलाच्या प्रमाणपत्रांच्या फायलीत समाजसेवेचा एक कागद असला, म्हणजे परदेशी प्रवेशाला किंवा नोकरीला बरे, हा हिशेब आमच्या घरांत उघडपणे होतो. धर्मगुरूंकडे किंवा धर्मभगिनींच्या आश्रमात जाऊन 'फादर, एवढी सही द्या', 'सिस्टर, मुलाचे वर्ष जाईल' असे म्हणणारे आम्हीच. ज्या घरांतून पापनिवेदनाला रांग लागते, त्याच घरांतून हा कागदही येतो.

आमच्यासारख्या पालिकेत गेलेल्या गावांना आता ग्रामसभाही उरलेली नाही. तेव्हा धर्मग्रामांनीच हे काम अंगावर घ्यावे, असे आम्ही आमच्या मंडळात मांडले. जून महिन्यापासून जे महाविद्यालय येईल त्याने आधी मंडळासमोर बसावे. कोणता प्रश्न हाती घ्यायचा, हे आम्ही आणि त्यांनी मिळून ठरवावे. नको असेल ते नको म्हणण्याची मुभा आम्हांला असावी. अहवाल मराठीत असावा आणि गुण देण्यापूर्वी तो चर्चच्या सभागृहात मोठ्याने वाचावा, म्हणजे चुकलेले बावखल दुरुस्त करायला म्हातारी माणसे हजर असतील. दोन श्रेयांकांपैकी एकाचे गुण गावाने द्यावेत, असेही आम्ही सुचवले. त्यावर बैठकीत हशा पिकला. हसणाऱ्यांत दोन निवृत्त प्राध्यापक होते. अखेर गुणांची सूचना बाजूला राहिली आणि बाकीचे ठराव दोन मतांनी मंजूर झाले. त्यानुसार तीन महाविद्यालयांना पत्रे गेली आहेत. एकाचे उत्तर आले आहे : आपल्या सूचना विचारार्थ ठेवल्या आहेत.

तो कागद आमच्या टेबलाच्या खणात आहे. मुलगा तो न्यायला परत आला नाही. त्याला दुसरीकडे कोठून तरी सही मिळाली, असे कळते. मंडळाचा हिशेब लावायला ये, तास खरे मोजून लिहून देतो, असा निरोप आम्ही दोनदा धाडला. त्याच्या वडिलांनी रविवारी चर्चच्या आवारात आम्हांला पाहून तोंड फिरवले, आणि अजून ते आमच्याशी बोलत नाहीत.